दाराआडचा सप्टेंबर

दर वर्षी 1 ऑक्टोबर उजाडला की जगभर एक थट्टा चालते. 'ग्रीन डे' या अमेरिकन रॉक बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग याला कुणीतरी उठवा, सप्टेंबर संपला, असा तिचा आशय. थट्टेला आधार आहे त्याच्या एका गाण्याच्या नावाचा : 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एन्ड्स'. सप्टेंबर संपला की मला उठवा, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. रॉक संगीताशी फारसा संबंध न आलेल्या वाचकाला या थट्टेत आक्षेपार्ह काही दिसणार नाही आणि ती करणाऱ्या बहुतेकांच्या मनातही वाईट काही नसते. पण या गाण्यावर जीव असलेल्या पुष्कळांना ती बोचते. कारण हे वाक्य मुळात दहा वर्षांच्या एका मुलाने, वडिलांच्या अंत्यविधीतून घरी पळून आल्यावर, बंद दाराआडून आईला म्हटलेले आहे, हे त्यांना ठाऊक असते.

हे बोचणे काय आहे ते समजून घ्यावे म्हणून मी गेली काही वर्षे या गाण्याच्या मागे लागलो आहे. गाणाऱ्याचे वडील या श्रोत्यांनी पाहिलेले नाहीत. त्यांचे नावही अनेकांना सांगता येणार नाही. तरीही त्यांच्याविषयी कुणी हलकेपणाने बोलले तर यांना राग येतो. हा राग खरा आहे, उसना नाही, असे माझे मत होत गेले आहे. पण तो कुणाच्या वतीने येतो हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

आधी हकिकत सांगतो. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या काठी रोडिओ नावाचे छोटे गाव आहे. तेलशुद्धीकरण कारखाना ही त्या गावाची मुख्य खूण. तिथल्या आर्मस्ट्राँग कुटुंबात सहा मुले. बिली जो सर्वांत धाकटा, जन्म फेब्रुवारी 1972 चा. वडील अँड्र्यू ट्रक चालवत आणि जॅझ वाजवत. आई हॉटेलात वाढपी होती. घरात गाणे होते, पैसा बेताचा. मुलाने वयाच्या पाचव्या वर्षी एक गाणे ध्वनिमुद्रितही केले होते. सप्टेंबर 1982 मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाने अँड्र्यू गेले. अंत्यविधीच्या वेळी मुलगा रडत घरी पळाला, खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतले. आई परतली, तिने दार ठोठावले, तेव्हा आतून जे उत्तर आले ते बावीस वर्षांनी गाण्याचे नाव झाले, असे सांगितले जाते.

त्या काळातली आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्याच वर्षी शाळेत बिली जोची ओळख माइक डर्न्ट या मुलाशी झाली. तोच पुढे 'ग्रीन डे'चा बास गिटारवादक झाला. वडील गेले आणि आयुष्यभराचा सोबती मिळाला, या दोन्ही गोष्टी एकाच सालातल्या. चाहत्यांना हा योग फार महत्त्वाचा वाटतो.

बावीस वर्षे का लागली? आर्मस्ट्राँगने स्वतः सांगितले आहे की वडिलांवर लिहिणे तो कित्येक वर्षे टाळत होता. मला त्यात त्याच्या संगीतप्रकाराचाही वाटा दिसतो. 'ग्रीन डे' हा पंक परंपरेतला बँड. पंक म्हणजे तीन-चार साधे कॉर्ड, भरधाव लय, दोन-अडीच मिनिटांत संपणारे गाणे, आणि सगळ्यांची टर उडवणारा सूर. 1994 च्या 'डूकी' या अल्बमने हे तिघे जगप्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या गाण्यांत कंटाळा होता, घबराट होती, वात्रटपणा होता. शोकाला जागा नव्हती. त्या गर्दीत रडणारा मुलगा उभा करणे म्हणजे बेइमानी समजली गेली असती. वाट थोडी मोकळी झाली ती 1997 मध्ये, 'गुड रिडन्स' या साध्या गिटारवरच्या गाण्याने. ते लिहिले होते सोडून दूरदेशी गेलेल्या प्रेयसीवर, रागाने. नावातच 'बरी ब्याद गेली' असा सूर आहे. लोकांनी मात्र ते शाळा-कॉलेजच्या निरोप समारंभाचे गाणे करून टाकले. आपले खासगी गाणे लोक आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कामाला लावतात, हा अनुभव त्याला तेव्हाच येऊन गेला होता.

दुसरे कारण माझे अनुमान आहे. 'अमेरिकन इडियट' हा अल्बम सप्टेंबर 2004 मध्ये आला. तेव्हा आर्मस्ट्राँग बत्तीस वर्षांचा होता आणि त्याचा थोरला मुलगा नऊ वर्षांचा. आपण ज्या वयात बाप गमावला त्या वयाच्या उंबरठ्यावर आपले पोर उभे राहिले की माणसाला जुने काहीतरी आठवते, असे मी आजूबाजूला पाहिले आहे. गाणे वडिलांचे असले तरी ते लिहिणारा तेव्हा स्वतः बाप होता, ही बाजू चाहत्यांच्या बोलण्यात क्वचितच येते.

आता गाण्याकडे येतो. शब्द इथे उद्‍धृत करीत नाही. त्यांची फारशी गरजही नाही, कारण या गाण्याचे बरेचसे काम सुरांनी केले आहे. आपल्या सरगमच्या भाषेत सांगतो, म्हणजे गिटार न येणाऱ्यालाही कळेल. सुरुवातीला एकटी गिटार आहे. तिच्या वरच्या तीन तारांवर सा, प आणि वरचा सा हे स्वर जवळजवळ हलत नाहीत. तंबोरा लावून ठेवावा तसे ते वाजत राहतात. खालचा खर्जाचा स्वर मात्र एकेक पायरी उतरतो : सा, नि, ध, प. वर सगळे स्थिर आणि खालून जमीन सरकते आहे, असा परिणाम त्यातून होतो. मग मध्यमाचा कॉर्ड येतो, म्हणजे म, ध आणि सा एकत्र. इथपर्यंत सगळे शुद्ध स्वर, प्रसन्न म्हणावे असे. त्यानंतर फक्त एक स्वर बदलतो. शुद्ध धैवताचा कोमल धैवत होतो. म आणि सा जागच्या जागी. तेवढ्याने सगळा प्रकाश मावळतो. लगेच पुन्हा षड्जावर येऊन फेरा नव्याने सुरू होतो.

ही युक्ती आर्मस्ट्राँगची नव्हे. मेजर चौथ्या कॉर्डवरून मायनर चौथ्यावर उतरणे ही पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांतली जुनी वाट आहे. पण इथे ती प्रत्येक फेऱ्यात, चुकवता न येण्यासारखी येते. पुढे ढोल आणि विद्युत गिटारी दणाणू लागतात, आवाज चढतो, तरी तो उतरणारा धैवत टळत नाही. नवशिके गिटारवादक या कॉर्डला घाबरतात, कारण त्यासाठी एक बोट सर्व तारांवर आडवे दाबून धरावे लागते. सोप्या केलेल्या आवृत्त्यांत तो कित्येकदा गाळलेला असतो. पुण्यातले माझ्या ओळखीचे एक इंजिनिअर वसतिगृहाच्या दिवसांत हे गाणे असेच कोमल धैवताशिवाय वाजवायचे. वडील गेल्यानंतर तो कॉर्ड बसवायला आपण महिनाभर घालवला, असे त्यांनी मला सांगितले. वडील गेले ते मे महिन्यात. 'माझा सप्टेंबर मेमध्ये येतो,' हे त्यांचे शब्द.

शब्दांबद्दल एवढेच सांगतो की त्यांत वडिलांचा उल्लेख अगदी मोजका आहे. आजार नाही, दवाखाना नाही, शवपेटी नाही, बंद दारही नाही. एकदा सात वर्षे लोटल्याचा आणि एकदा वीस वर्षे लोटल्याचा निर्देश आहे. जाणकार चाहते या आकड्यांवर तासन्‌तास बोलतात : 1982 नंतर सात म्हणजे 1989, बँडची पहिली रेकॉर्ड आली ते साल, वीस म्हणजे गाणे मनात घोळत असल्याचा काळ. हिशेब जुळतो. पण ज्याला हा हिशेब ठाऊक नाही त्याला गाण्यात ऐकू येतो तो फक्त पाऊस, ऋतू, आठवण आणि एक महिना. दार उघडे राहिले ते इथे.

त्या उघड्या दारातून पहिल्यांदा आत आले ते 11 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत सप्टेंबर हा शब्दच जड झाला होता. त्यात 'अमेरिकन इडियट' हा बुशकाळातल्या अमेरिकेवर उघड टीका करणारा अल्बम. त्यातल्या अकराव्या गाण्यात सप्टेंबर म्हटल्यावर लोकांनी तोच अर्थ लावला तर नवल नाही. जून 2005 मध्ये ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि त्याचा व्हिडिओ आला. दिग्दर्शक सॅम्युएल बायर. 'निर्वाणा'च्या प्रसिद्ध व्हिडिओमुळे नावाजलेला. त्याने जेमी बेल आणि इव्हान रेचल वुड या दोन तरुण कलावंतांना घेऊन एक छोटी फिल्मच केली. एकमेकांत बुडालेले जोडपे, मुलगा सैन्यात भरती होतो, इराकमध्ये जातो, मुलगी मागे राहते. व्हिडिओ गाजला, गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. आणि वडील पडद्यावरून पूर्णपणे नाहीसे झाले.

व्हिडिओविषयी चाहत्यांत आजही दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे, त्याने गाणे मोठे केले. इराकहून मुलगा परत न आलेल्या घरांना त्याने स्वतःचे गाणे दिले. दुसऱ्याचे म्हणणे, बापासाठी लिहिलेल्या गाण्यावर भलतीच प्रेमकथा चिकटवली. मी स्वतः दुसऱ्या पक्षाकडे झुकतो, पण कारण वेगळे आहे. युद्धाची कथा वाईट आहे असे नाही. ती फार पूर्ण आहे. गाण्यात जी मोकळी जागा होती ती तिने चेहऱ्यांनी भरून टाकली. मात्र तिला आर्मस्ट्राँगची संमती होती, हे विसरून चालणार नाही. बापाच्या दुःखावरचा हक्क त्याने स्वतःच थोडा सैल केला होता.

ऑगस्ट 2005 च्या अखेरीस कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडाले. सप्टेंबर सुरू झाला तो पाण्याखालच्या घरांनी आणि छपरांवर अडकलेल्या माणसांनी. कुणीतरी त्या बातम्यांची दृश्ये या गाण्यावर बसवली, ती सर्वदूर पाहिली गेली, आणि गाणे वादळग्रस्तांचेही झाले. वर्षभराने, 25 सप्टेंबर 2006 ला, दुरुस्त झालेले न्यू ऑर्लीन्सचे सुपरडोम मैदान पुन्हा उघडले तेव्हा 'ग्रीन डे' आणि आयर्लंडचा 'यू टू' हे दोन बँड एकत्र वाजले. त्या मंचावरच्या एका योगायोगाबद्दल कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. आर्मस्ट्राँगच्या शेजारी उभा होता 'यू टू'चा बोनो, आणि त्यानेही आपल्या मृत वडिलांवरचे गाणे त्याच 2004 सालच्या अल्बममध्ये दिले होते.

ही तुलना थोडी ताणून पाहण्यासारखी आहे. बोनोचे वडील बॉब ह्यूसन डब्लिनच्या टपाल खात्यात नोकरीला होते, ऑपेराचे वेडे, स्वतः गाणारे. आई बोनोच्या चौदाव्या वर्षी गेली. मग घरात पुरुषच उरले आणि बाप-लेकाचे फारसे जमले नाही. वडील ऑगस्ट 2001 मध्ये कर्करोगाने गेले. बोनोने 'समटाइम्स यू कान्ट मेक इट ऑन युअर ओन' हे गाणे अंत्यविधीत गायले आणि नंतर ते अल्बममध्ये आले. ते चाळिशीतल्या मुलाचे गाणे आहे : भांडण झालेले आहे, समेट अर्धवट आहे, बापाचा स्वभाव समोर दिसतो. म्हणून त्याचे चाहते बापाशी झालेल्या स्वतःच्या भांडणांबद्दल बोलतात. 'पिंक फ्लॉइड'च्या रॉजर वॉटर्सची गोष्ट तिसऱ्या टोकाची. त्याचे वडील फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. आठवण म्हणून त्याच्याकडे काहीच नाही. त्याने जन्मभर त्या रिकाम्या जागेवर लिहिले, 1983 चा 'द फायनल कट' हा अल्बम वडिलांना अर्पण केला. त्याच लढाईत लढलेल्या एका वृद्ध ब्रिटिश सैनिकाने पुढे वडील पडले ती जागा कागदपत्रांवरून शोधून काढली, आणि सत्तर वर्षांनी, 2014 मध्ये, तिथे स्मारक उभे राहिले. वॉटर्सच्या चाहत्यांना वडिलांचे पूर्ण नाव, पलटण, तारीख सगळे पाठ असते, कारण त्याने ते सांगितले आहे.

आर्मस्ट्राँग या दोघांच्या मधे येतो. त्याला वडील आठवतात, पण दहा वर्षांच्या मुलाला आठवतील तेवढेच. भांडायला वेळ मिळाला नाही आणि शोधायला रणांगण नाही. म्हणून त्याच्या गाण्यात बापाचे वर्णन नाही. आहे ती फक्त झोपून राहण्याची इच्छा. ज्यांनी लहानपणी कुणाला गमावले आहे त्यांना ही इच्छा ओळखीची असते. मोठ्यांनी मुलांना त्या दिवसांत काही नीट सांगितलेले नसते; शेजारी नेऊन बसवलेले असते, खाऊ दिलेला असतो. मूल दार लावून घेते.

आपल्याकडे पितृपक्ष बहुतेक वर्षी सप्टेंबरातच येतो हा निव्वळ पंचांगाचा योग. पण त्या व्यवस्थेचा एक गुण इथे लक्षात येतो. तिथी ठरलेली, पान ठरलेले, कावळ्याची वाट पाहणे ठरलेले, आणि सर्वपित्री अमावास्येला ते दिवस संपतात. दुःख संपो न संपो, त्याचा पंधरवडा संपतो. रोडिओतल्या मुलाला असा पंधरवडा कुणी आखून दिला नव्हता. त्याने स्वतःच एक महिना आखला, आणि तो कधी संपवायचा हेही स्वतःच ठरवले.

आता थट्टेकडे परत येतो. चाहत्यांच्या रागाच्या मला दोन तऱ्हा दिसल्या. एक तऱ्हा माहितगाराची. गाण्यामागची हकिकत आपल्याला ठाऊक, हसणाऱ्याला नाही, म्हणून त्याला दटावायचे. असा चाहता वर्षानुवर्षे तेच स्पष्टीकरण देत राहतो आणि, खरे बोलायचे तर, त्यात थोडी ऐटही असते. कुणी 11 सप्टेंबरच्या आठवणीने हे गाणे ऐकतो म्हटले की 'तुझा अर्थ चुकला' असे तो सुनावतो. मला हे पटत नाही. ज्या गाण्याने बापाचे नावसुद्धा घेतलेले नाही, त्याच्या दारावर पहारेकरी बसवण्याचे कारण नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये घर बुडालेल्या माणसाने ते आपले मानले तर त्याने कुणाचे काही हिरावले नाही.

दुसरी तऱ्हा मुकी असते. हे लोक वाद घालत नाहीत. 1 ऑक्टोबरच्या आसपास ते गाणे ऐकायचेच टाळतात, किंवा एकटे असताना ऐकतात. त्यांच्याशी बोलल्यावर ध्यानात येते की थट्टेतला शब्द त्यांना लागतो तो 'उठवा' हा. झोपलेल्याला हलवून जागे करायचे आणि हसायचे. लहानपणी त्यांच्या बाबतीत कुणीतरी तसेच केलेले असते : आता पुरे, किती दिवस बसणार, उठ, शाळेत जा. हे सांगणारे प्रेमाचेच असतात. पण ती हाक कधी द्यायची ते आतल्याने सांगायचे असते, बाहेरच्याने तारीख पाहून नव्हे. या दुसऱ्या तऱ्हेचा राग मला मान्य आहे, आणि तो आर्मस्ट्राँगच्या वतीने नसून स्वतःच्या वतीने आहे असे मला वाटते. अँड्र्यू आर्मस्ट्राँग हे त्यात केवळ निमित्त.

स्वतः गायकाने काय केले? तो गात राहिला. 2010 मध्ये 'अमेरिकन इडियट' ब्रॉडवेवर संगीत नाटक म्हणून आले. त्यात हे गाणे तीन वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या मित्रांच्या तोंडी पडले आणि बाप आणखी एक पाऊल मागे सरकला. आर्मस्ट्राँगने त्या नाटकात काही काळ कामही केले, मात्र भूमिका वेगळी. मैदानावरच्या मैफलींत हजारो लोक हे गाणे त्याच्याबरोबर म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने म्हटलेले वाक्य इतक्या तोंडून एकदम ऐकताना त्याला काय वाटत असेल, याची कल्पना मी करून पाहिली आहे. काही चाहत्यांना त्या सामूहिक गाण्यात सांत्वन मिळते. काहींना, विशेषतः पहिल्यांदाच मैफलीला गेलेल्यांना, अवघडल्यासारखे होते. आपण कुणाच्या तरी घरी अवेळी शिरलो असे वाटते. दोन्ही भावना एकाच माणसाला, एकाच गाण्याच्या आत येऊ शकतात.

मार्च 2025 मध्ये 'ग्रीन डे' मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजून गेले. 2005 साली इथल्या वाहिन्यांवर इराकच्या व्हिडिओसकट हे गाणे पाहिलेली पोरे आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यांतले काही जण मुलांना घेऊन आले होते. पुण्याचे ते इंजिनिअरही गेले होते, नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन. गाण्याची हकिकत तिला सांगितली का, असे मी विचारले. अजून नाही, म्हणाले. तो आडव्या बोटाचा कॉर्ड मात्र तिला शिकवायला घेतला आहे, आणि तिचे बोट अजून पुरत नाही.